चंदेरी पट्टी आणि कोपऱ्यातला नकाशा

अमरावतीत मी व्हिडिओ गेमचं दुकान चालवत होते असं सांगितलं, की लोक आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतात आणि मग विचारतात, "म्हणजे पार्लर का?" पार्लर नव्हे. पार्लरमध्ये तासावर पैसे मोजून खेळतात. माझ्याकडे डबीतला गेम विकत मिळायचा. तो घरी न्यायचा, टीव्हीला जोडलेल्या यंत्रात डिस्क घालायची आणि खेळायचं. दुकान मुळात वडिलांचं, रेडिओ दुरुस्तीचं. त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला तेव्हा मी गल्ल्यावर बसले. तोवर रेडिओ दुरुस्त करून घेणारं गिऱ्हाईक उरलं नव्हतं, म्हणून अकोल्याच्या एका वितरकाकडून मी गेमची यंत्रं आणि डिस्का आणायला लागले. नातेवाइकांनी भरपूर नावं ठेवली. मला त्याची सवय होती.

या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते, तेवढी सांगते. नवा गेम बाजारात येतो तेव्हा तो भयंकर महाग असतो. मोठ्या शहरातले हौशी लोक त्याच किमतीला घेतात. त्यातला एखादा गेम तुफान खपला, की वर्ष-दीड वर्षाने कंपनी तोच गेम पुन्हा काढते, निम्म्याहून कमी किमतीत, आणि डबीच्या मुखपृष्ठावर एक चंदेरी पट्टी छापते. पट्टीवर इंग्रजीत गौरवाचे दोन शब्द असतात. कोणत्या कंपनीची पट्टी चंदेरी, कोणाची पिवळी, आणि प्रत्येकीचे शब्द निराळे. आमच्याकडे सगळ्यांना एकच नाव होतं, 'पट्टीवाला'. जो गेम खपला नाही त्याला पट्टी मिळत नाही, तो महागच राहतो आणि धूळ खातो. म्हणजे इथे स्वस्त होणं हा मान असतो.

हे वऱ्हाडात समजावून सांगणं फार अवघड गेलं. चांदूर बाजारकडचे एक काका नातवासाठी आले होते. त्यांनी माझं सगळं व्याख्यान ऐकून घेतलं, डबी उलटीसुलटी केली आणि म्हणाले, "म्हंजे लय खपला म्हून भाव उतरवला? आमचा कापूस लय झाला तं भाव उतरते, अन् कमी झाला तरी उतरते. पन उतरल्यावर त्याले कोनी पट्टी नाई लावत, बाई." मी हसले. ते हसले नव्हते.

स्वस्त दिलं म्हणजे आतून काहीतरी काढून घेतलं, ही आमच्या लोकांची पक्की समजूत. बियाण्याच्या पिशवीने आणि औषधाच्या बाटलीने ती पक्की केलेली, त्यांना दोष कसा देणार? त्यात कंपन्यांनी भर घातली. पट्टीवाल्या डबीतली पुस्तिका रंगीत नसायची, पातळ आणि काळी-पांढरी असायची. ती उघडली की गिऱ्हाईक विजयी चेहऱ्याने माझ्याकडे बघायचं. "पाहा, पुस्तकच कापलं. मंग गेम बी कापला असंन." शेंदूरजनाघाटचे एक संत्र्याचे व्यापारी तर म्हणाले, "माल हा द्या, पन डबी महागाची द्या. पाव्हने येतात घरी." मी त्यांना काचेच्या कपाटातली जुनी, रिकामी डबी दिली. माझं काय जात होतं!

या संशयातून माझ्या दुकानात एक रीत पडली: लावून दाखवा. पट्टीवाला गेम विकताना डबी गिऱ्हाइकासमोर फोडायची, दुकानातल्या यंत्रात डिस्क घालायची, गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून थोडा वेळ खेळू द्यायचं आणि त्याची खात्री पटली की बांधून द्यायचं. फोडलेली डबी म्हणजे वापरलेला माल, असं मोठ्या शहरात मानत. आमच्याकडे उलट होतं. न फोडलेल्या डबीवर कोणी विश्वास ठेवत नव्हतं.

दुसरी रीत माझी स्वतःची. कोणत्या गेमला पट्टी मिळणार याचा मला अंदाज यायचा, आणि तो बहुतेक खरा ठरायचा. मग एखादा ओढगस्तीतला माणूस महागाच्या डबीकडे बघत उभा राहिला, की मी सांगायचे, "थांबा. याला पट्टी येईल." अकोल्याचा वितरक कपाळाला हात लावायचा. "मॅडम, तुम्ही दुकान चालवता की गिऱ्हाइकं परत धाडता?" पण परत धाडलेलं गिऱ्हाईक परत यायचं, आणि सोबत आणखी एकाला घेऊन यायचं.

आता शेतकऱ्यांच्या त्या वाईट वर्षांबद्दल. आमच्या भागाचं नाव रोज वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर यायचं आणि ते कशासाठी यायचं हे सांगायला नको. गेमचं दुकान आणि शेती यांचा काय संबंध, असं कोणाला वाटेल. अमरावतीतल्या कोणत्याही दुकानाचा संबंध होता. कापसाच्या पहिल्या वेचणीचा पैसा आला तर आमची दिवाळी व्हायची. त्या वर्षांत माझ्याकडून गेलेली यंत्रं परत यायला लागली. पिशवीत गुंडाळलेलं यंत्र घेऊन माणूस दाराशी उभा राहायचा आणि विचारायचा, "जुनं घेता का?" तेव्हा तीच रीत उलटी फिरायची. लावून दाखवायचं काम त्याचं. तो यंत्र जोडायचा आणि पडद्यावर त्याच्या घरच्या लेकरांची नावं उमटायची, कोण पहिलं, कोण दुसरं. ती पुसून यंत्र पुढे विकावं लागे. ते काम मला कधी सवयीचं झालं नाही.

रफीकभाईने असंच एक परत आलेलं यंत्र माझ्याकडून घेतलं होतं.

रफीकभाई परतवाड्याचा. तीन भावांची मिळून काळी जमीन होती. ओळीने काही हंगाम हातचे गेले तेव्हा त्याने आपला हिस्सा ठेक्याने दिला आणि एक जुनी जीप घेतली. परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणी, अशी मेळघाटातल्या घाटांतून तो सवारी वाहायचा. चाळिशी ओलांडलेला, धिप्पाड, आवाज मोठा. जीपचे सुटे भाग घ्यायला अमरावतीला आला की माझ्या दुकानात डोकवायचाच. गिऱ्हाइकांत लेकरंच जास्त असायची, त्यांच्यात हा दाढीवाला माणूस स्टुलावर बसून मोटारी पळवायचा. मी एकदा विचारलं, "रफीकभाई, आठवडाभर घाटात गाडी चालवता, इथे येऊन पुन्हा गाडीच?"

"ताई, तथी मागं पंधरा लोकं बसलेले असतात," तो म्हणाला. "त्याइचा जीव माह्या हातात. अथी मी एकटा. पडलो तं पडलो."

डोंगरातल्या शर्यतीचा एक गेम नुकताच आला होता. तो त्याने दुकानातल्या यंत्रावर खेळून बघितला आणि वेडा झाला. वळणं, दऱ्या, पाऊस, सगळं. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात खाली एक लहानसा गोल नकाशा असायचा, पुढचं वळण कुठे आहे ते दाखवणारा. त्याचं त्याला फार कौतुक. "असा नकाशा माह्या जीपले पाह्यजे," म्हणायचा. गेम त्याला परवडणारा नव्हता. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "थांबा. याला पट्टी येणार."

तो थांबला. वर्षाहून जास्त थांबला. मध्ये आला की नुसतं विचारायचा, "आली का आपली पट्टी?" आणि चहा पिऊन जायचा.

पट्टी आली. मी परतवाड्याच्या स्टँडवरच्या फोनवर निरोप ठेवला आणि रविवारी तो हजर झाला, इस्त्रीचा शर्ट घालून. मी डबी फोडली, डिस्क घातली. तो स्टुलावर बसला, गाडी निघाली. पहिल्याच वळणावर डावीकडच्या कठड्याला घासली. दुसऱ्या वळणावर पुन्हा. डावीकडून एक गाडी पुढे आली ती त्याला धडकेपर्यंत कळली नाही. त्याने हातातला कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे वळला.

"ताई, यानं नकाशा काढून घेतला ना."

"कोणी?"

"कंपनीनं. सस्ता देतानी नकाशा काढून टाकला. पह्यले होता, अथी, कोपऱ्यात." माझ्याकडेच बघत त्याने मागे पडद्याकडे हात केला.

मी हसले. पुस्तिका कापली म्हणणारे खूप बघितले होते, नकाशा कापला म्हणणारा हा पहिलाच. नकाशा तर पडद्यावर दिसत होता, गोल, हिरवा, आतला ठिपका सरकत होता. मला वाटलं तो मस्करी करतोय. पण त्याच्या चेहऱ्यावर फसवलं गेल्याचं खरं दुःख होतं. वर्षभर वाट बघून हाती कापलेला माल आला, असं ते दुःख. त्याची खात्री पटवायला मी काचेतली पहिल्या आवृत्तीची डिस्क काढली, महागाची, तीच जी तो तेव्हा खेळला होता, आणि यंत्रात घातली.

तो खेळायला लागला. पुन्हा कठडा, पुन्हा धडक. "याच्यातून बी काढला?" तो पुटपुटला. मग त्याने कंट्रोलर खाली ठेवला.

माझं हसू तिथेच थांबलं. असं मी आधी बघितलं होतं. वडील कामाच्या टेबलाशी बसून समोरच्या रेडिओतली केसाएवढी तार चिमट्याने उचलायचे आणि डाव्या हाताशी पडलेला पेचकस मात्र शोधत बसायचे. आम्ही म्हणायचो, बाबा विसरभोळे झाले. त्यांचं म्हणणं, समोरचं तर मला लख्ख दिसतं. काचबिंदू होता. तो कडेकडून खात येतो, दुखत नाही, आणि समोरचं दिसत राहतं म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. आम्हाला कळलं तेव्हा फार उरलं नव्हतं. शेवटची वर्षं ते हाताने चाचपून रेडिओची बटणं ओळखायचे.

"रफीकभाई, मान न वळवता सांगा, माझा हात दिसतो का?" मी त्याच्या डाव्या बाजूला हात धरला.

"कोनता हात?"

मी त्याला सगळं सांगितलं. वडिलांचंही सांगितलं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आजच चला म्हटलं. तो उठला. त्याने दाराबाहेर बोट दाखवलं आणि रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या स्कूटरचा नंबर घडाघडा वाचून दाखवला. बरोबर वाचला.

"रस्ता तं दिसते मले," तो म्हणाला. "मंग? गेम नाई दिसला तं काय झालं, गाडी तं चालवता येते. वावर गेलं, ताई. आता जीप बी काढता का हातातून?"

डिस्क न घेताच तो गेला. मी दारात उभी होते. त्याने जीप मागे घेतली तेव्हा डावीकडून एक सायकलवाला ओरडला.

दुसऱ्या दिवशी मी स्टँडवर फोन केला, तिसऱ्या दिवशीही केला. तो फोनवर आला नाही. मला दुसरं काही सुचेना. दुकान बंद करून मी परतवाड्याची एसटी धरली. स्टँडवर त्याची जीप भरत होती. मला बघून त्याचा चेहरा आवळला, पण बायामाणसांसमोर तो वाईट बोलणारा नव्हता. त्याने पुढची सीट रिकामी करायला लावली. "बसा, ताई. धारणीपर्यंत चला माह्यासंगं. मंग सांगा माह्या डोयात काय हाय ते."

मी बसले. स्वभावाने मी भित्री नाही, पण त्या दिवशी जीपच्या दांडीला धरलेला हात शेवटपर्यंत सुटला नाही. तो चालवत मात्र उत्तम होता. गिअर, ब्रेक, हॉर्न, सगळं जागच्या जागी. घाट सुरू झाला आणि मला वाटायला लागलं, मीच चुकले असेन. मग एका वळणावर डाव्या अंगाला एक बाई डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन चालत होती. जीप सरळ तिच्या अंगावर निघाली. मी ओरडणार इतक्यात मागच्या बाकावरून दोन-तीन आवाज एकदम आले, अगदी शांतपणे: "डावीकडं पाहा, रफीकभाई." त्याने चाक हलवलं. बाई मागे पडली. मागे कोणाच्या तरी लग्नाची गोष्ट चालू होती ती तशीच चालू राहिली. पुढे पुन्हा, बैल होते तेव्हा. "डावीकडं." पुन्हा चाक हललं.

सेमाडोहला चहासाठी जीप थांबली. मागच्या बाकावर पाटी घेऊन एक म्हातारी बसली होती, ती खाली उतरली. मी रफीकभाईसमोरच तिला विचारलं, "आजी, तुम्ही यांना नेहमी असं सांगता का, डावीकडे म्हणून?"

"सांगा लागते, बाई," म्हातारी म्हणाली. "आमी रोजचे लोकं, आमाले मालूम हाय. पह्यले नोतं सांगा लागत. साल झालं असंन." आणि ती पाण्याकडे निघून गेली.

रफीकभाईच्या हातात चहाचा पेला होता. तो त्याने प्यायला नाही. बराच वेळ तो जीपकडे बघत राहिला, मग आपल्या सवाऱ्यांकडे, एकेकीकडे. कोणाच्या मांडीवर लेकरू होतं. "मले वाटे, लोकाइले बोलाची आदत हाय," तो हळू म्हणाला. "मले वाटे, हे बाया उगाच कल्ला करतात." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते पुसलं नाही. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. मी माझं खरं करून दाखवायला गेले होते आणि ते झालं होतं, पण आनंद कसला! ज्या माणसाने जमीन सोडून हातात चाक धरलं, त्याच्या हातातून मी ते काढून घेत होते.

समोरून परतवाड्याकडे जाणाऱ्या जीपवर दोन ड्रायव्हर होते, एक चालवणारा आणि एक नुसता सोबत आलेला. रफीकभाईने त्या दुसऱ्याला बोलावलं आणि आपली चावी त्याच्या हातात ठेवली. "धारणीले सोडून दे सगळ्याइले. मह्यी तबियत बरी नाई." सवाऱ्या निघून गेल्या. आम्ही त्या परतीच्या जीपमध्ये बसलो. घाट उतरताना तो सारखा डावीकडे मान वळवून बघत होता, तिकडे काय काय आहे ते.

पुढच्या आठवड्यात तो दुकानात आला, सोबत बायको. दारातच म्हणाला, "ताई, एसटीनं आलो." जीप घेतल्यापासून तो एसटीत बसला नव्हता, हे मला माहीत होतं. आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. काचबिंदूच निघाला, दोन्ही डोळ्यांत, डाव्यात फार पुढे गेलेला. गेलेलं येणार नाही, उरलेलं जपता येईल, थेंब रोज आणि जन्मभर घालायचे, गाडी बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं. बायकोने विचारलं, "अन् एक साल पह्यले आलो असतो तं?" डॉक्टर म्हणाले, जास्त उरलं असतं. मी मनातल्या मनात हिशेब लावत होते. गेम पहिल्यांदा आला तेव्हा त्याला नकाशा दिसत होता. पट्टी आली तेव्हा दिसत नव्हता. तो जेवढा काळ माझ्या सांगण्यावरून थांबला, तेवढ्यातच ते गेलं होतं. माझ्या थांबा म्हणण्याने डोळे गेले नाहीत, हे मला कळतं. तरी त्यानंतर गिऱ्हाइकाला "थांबा" म्हणताना माझी जीभ अडखळायची.

निघताना त्याने डिस्क मागितली. पैसे मी घेत नव्हते, त्याने ठेवलेच. "पोरगी खेळन," म्हणाला. "मी बाजूले बसतो. तिले सांगतो, नकाशा पाह्यत जा."

आता माझं दुकान नाही. गेम इंटरनेटच्या तारेतून घरी उतरायला लागले, डबी गेली, डबीबरोबर पट्टीही गेली. कोणाला लावून दाखवायची गरज उरली नाही. शेवटच्या काही डब्या माझ्या कपाटात आहेत आणि त्यांतली पहिल्या आवृत्तीची ती एक मी कोणाला दिलेली नाही.

मागच्या वर्षी एका मैत्रिणीकडे धारणीला जायचं होतं. परतवाड्याच्या स्टँडवर उतरले तर तोच मोठा आवाज कानावर आला, "सेमाडोह, हरिसाल, धारणी!" रफीकभाई आता स्टँडवर सवाऱ्या भरून देतो. दाढी पांढरी झाली आहे. उरलेली नजर थेंबांनी टिकून आहे. माझा आवाज ऐकून त्याने सगळी मान, सगळं अंग माझ्याकडे वळवलं आणि मग ओळखीचं हसला.

जीप भरली होती. नवा, तरणाताठा ड्रायव्हर चाकामागे बसणार तोच रफीकभाईने त्याला थांबवलं. "समोर पाह्य. तिकडं त्या झाडाकडं. मान नको हलवू." आणि त्याने आपला हात त्याच्या कानापाशी, डाव्या बाजूला, आडवा धरला. "किती बोटं?"

"चाचा, रोज रोज काय—"

"किती बोटं, सांग."

"दोन."

त्याने दुसऱ्या बाजूने विचारलं, तेही बरोबर आलं, तेव्हा चावी दिली. स्टँडवरचा कोणताही ड्रायव्हर याच्यातून सुटत नाही, असं शेजारच्या पानवाल्याने सांगितलं. सुरुवातीला हसायचे, आता कोणी हसत नाही. दोघांना त्याने वेळेवर डॉक्टरांकडे धाडलं.

मी पुढच्या सीटवर चढायला गेले तर त्याने माझीही वाट अडवली.

"ताई, तुमी बी. झाडाकडं पाहा."

मी झाडाकडे पाहिलं. वडील आठवले. माझ्या डाव्या कानापाशी त्याचा हात आला.

"किती?"

"तीन," मी म्हटलं.

"बराबर. बसा आता." आणि जीप हलली तेव्हा तो मागच्या बाकावरच्या बायांना ओरडून सांगत होता, "लक्ष ठेवत जा बरं, डावीकडं!"